नितळ पाण्याची परीक्षा

पाणी नितळ दिसले की ते चांगले, असा आपल्या घराघरांतील पूर्वापार समज आहे. तळाचा दगड दिसतो, वर काही तरंगत नाही, वास नाही, चव गोड आहे. मग आणखी पाहावयाचे ते काय? या समजात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. गढूळ पाणी वाईट, हे खरेच. परंतु नितळ पाणी चांगले असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. विषमज्वराचे जंतू पाण्याला रंग देत नाहीत आणि शेतातील खतातून झिरपलेले नायट्रेट जिभेला कळत नाही. डोळा, नाक आणि जीभ ही पाण्याची पहिली परीक्षा घेतात. शेवटची परीक्षा त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

बेळगाव-निपाणी भागात हा विषय उन्हाळ्यात विशेष निकडीचा होतो. मे महिन्याची सुटी लागली की मुंबई, पुणे, बंगळूर, हुबळी अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले आजोळी येतात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पोहावयास शिकायचे असते. बेळगाव शहरात त्यासाठी गोवावेसचा जलतरण तलाव आहे. खेड्यात मात्र मळ्यातील विहीर हाच तलाव. पाठीला वाळका भोपळा बांधून आजोबांनी वा मामांनी पाण्यात सोडावे आणि आठ दिवसांत पोराने कठड्यावरून सूर मारावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, व ती मोडावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पण त्याच विहिरीवरची मोटर संध्याकाळी घरावरची टाकी भरते आणि त्याच टाकीतून स्वयंपाकघरात पाणी येते. म्हणजे एकच विहीर पोहण्याची, पिण्याची आणि उसाचीही. शहरातील तलावावर पाणी तपासण्यासाठी माणूस नेमलेला असतो. विहिरीला असा माणूस नाही. ते काम घरातीलच कोणीतरी अंगावर घ्यावे लागेल. ते अवघड नाही, खर्चाचे नाही, आणि दहावी झालेल्या मुलीला वा मुलाला सहज करता येण्याजोगे आहे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

विहिरींचा प्रदेश

आपला भाग मुळात विहिरींचा. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने टिळकवाडीकडील माळावर जी तात्पुरती नगरी उभी राहिली, तिला 'विजयनगर' हे नाव दिले गेले. हजारो लोकांच्या पाण्याची सोय करण्यासाठी तेथे एक प्रशस्त विहीर खोदण्यात आली, सुमारे ४,३७० रुपये खर्चून. तिचे नाव 'पंपा सरोवर'. आज बेळगावकर तिला काँग्रेस विहीर म्हणून ओळखतात. मंडप उठले, तंबू गेले, विहीर तेवढी राहिली.

पुढे नळ आले. राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांचे पाणी बेळगाव शहरात खेळू लागले. २००८ साली शहराच्या काही निवडक विभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोगही झाला. निपाणीकरांची तहान जवाहर तलावाने भागविली. नळ आला आणि विहिरीकडे जाणारी पायवाट बुजली. पूर्वी विहिरीवर दिवसातून दहा वेळा रहाट फिरत असे, दरवर्षी उन्हाळ्यात गाळ निघत असे, दिवाळीत कठड्यावर पणती लागत असे. आता मोटरीचे बटण घरात दाबले जाते आणि विहिरीत डोकावण्याचे कारणच उरत नाही. विहीर वापरात आहे, पण तिच्यावर नजर नाही, अशी आजची स्थिती आहे.

त्यातच प्रत्येक विहिरीची प्रकृती निराळी. बेळगाव शहर आणि पश्चिमेकडील गावे तांबड्या जांभ्या दगडावर वसलेली आहेत. जांभ्यातील पाणी बहुधा हलके, साबणाला चटकन फेस देणारे आणि किंचित आम्ल असते. निपाणी-चिकोडीकडे काळी जमीन आणि खाली काळा कातळ. तेथील पाण्यात चुना व मॅग्नेशियम अधिक, म्हणून ते जड. तुरीची डाळ शिजावयास वेळ घेते, बंबाच्या आत पांढरा थर बसतो, त्याला हेच कारण. आणि जेथे वर्षानुवर्षे पाणी पाजून ऊस घेतला, तेथे सवळ पाण्याचीही तक्रार ऐकू येते.

पाण्याला राज्याची सीमाही ठाऊक नसते. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगर येथे, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. आणि दूधगंगा व वेदगंगा या नद्या कोल्हापूर जिल्ह्यातील शेतांचे पाणी घेऊनच आपल्याकडे येतात. वरच्या शेतात टाकलेले खत खालच्या विहिरीत उतरते, मग मधली सीमारेषा कागदावर कोठेही असो. म्हणूनच शेजारच्या गावातील पाणी चांगले निघाले म्हणून आपलेही चांगले, असे अनुमान काढता येत नाही. आपली विहीर आपणच तपासली पाहिजे.

लाल औषधापासून पांढऱ्या पावडरीपर्यंत

विहिरीत औषध टाकण्याची प्रथा आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. आग्रा येथे सरकारी प्रयोगशाळेत काम करणारे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० च्या दशकात पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. विहिरीचे पाणी गुलाबी होई. हेच आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील 'लाल औषध'. पुढे असे आढळले की पटकीच्या जंतूंवर त्याचा काही परिणाम होत असला, तरी इतर जंतूंच्या बाबतीत ते फारसे उपयोगी नाही. शिवाय पाण्याचा रंग आणि चव बदलते. आजही काही घरांत विहिरीत लाल औषध टाकून समाधान मानले जाते. ते समाधान खोटे आहे.

त्याची जागा क्लोरीनने घेतली. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन या गावी विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा नळांचे जाळे ब्लीचिंग पावडरीने शुद्ध करण्यात आले. १९०८ पासून अमेरिकेतील जर्सी सिटी शहराला रोज क्लोरीनयुक्त पाणी मिळू लागले. आपल्या ग्रामपंचायतीचा वॉटरमन जिला 'टीसीएल' म्हणतो ती पांढरी, उग्र वासाची पावडर म्हणजे हीच. चांगल्या, ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असतो. पण पोत्याचे तोंड उघडे राहिले, दमट हवा लागली, ऊन लागले, की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. तीन वर्षांपूर्वीची पावडर मूठभर टाकून विहीर शुद्ध झाली असे मानणाऱ्याने पाण्यात चुनाच टाकलेला असतो. म्हणून औषध टाकले की काम संपत नाही. ते पाण्यात शिल्लक आहे की नाही, हे पाहावे लागते.

क्लोरीन उरला की नाही?

पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी घाणीवर खर्च होतो. पालापाचोळा, शेवाळ, शेणखताचा अंश, पोहणाऱ्यांचा घाम, या साऱ्यांचे देणे भागल्यावर जो उरतो त्याला शिल्लक क्लोरीन म्हणतात, आणि जंतूंपासून रक्षण करतो तो हाच. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. विहिरीत औषध टाकल्यावर तासाभराने तो ०.५ च्या आसपास आढळला, तर काम नीट झाले असे समजावे.

तो मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. जुनी पद्धत ऑर्थोटोलिडिनची. ग्रामपंचायतीत तिला 'ओटी टेस्ट' म्हणतात. नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि तो बाजूच्या रंगपट्टीशी जुळवावयाचा असतो. मात्र हे द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याने अनेक देशांनी त्याचा वापर सोडला आहे, आणि त्याने मुक्त व संयुक्त क्लोरीन यांतील भेद नीट कळत नाही. दुसरी पद्धत 'डीपीडी' नावाच्या द्रव्याची. इंग्लंडमधील पालिन यांनी ती १९५७ साली मांडली. हिच्यात रंग गुलाबी येतो. जलतरण तलावांवर आज हीच वापरतात आणि घरासाठीही आम्ही हिचीच शिफारस करू.

मुक्त आणि संयुक्त हा भेद समजून घेण्यासारखा आहे. घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. ती जंतूंवर मंदपणे काम करतात, पण डोळे चुरचुरणे आणि नाकात भरणारा तो 'तलावाचा वास' ही त्यांचीच देणगी. तलावाला उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाला, असे पालक म्हणतात. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. मुक्त क्लोरीन कमी पडला आणि घाण वरचढ झाली, असाच त्या वासाचा अर्थ होतो. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करावी हा तलावावरील नियम केवळ शिष्टाचाराचा नाही. तो रसायनशास्त्राचा आहे, आणि विहिरीलाही तितकाच लागू आहे.

डीपीडी वापरताना एक सावधगिरी बाळगावी. क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडवून लावतो आणि पाणी रंगहीन दिसते. अजाण माणूस समजतो क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी पावडर टाकतो. शंका आल्यास नमुन्यात त्याच्या नऊ पट क्लोरीनविरहित शुद्ध पाणी मिसळून पुन्हा पाहावे. रंग उमटला तर आलेल्या आकड्याला दहाने गुणावे.

सामू: क्लोरीनचा मालक

पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा म्हणजे सामू, ज्याला आपण शाळेत पीएच म्हणून शिकलो. सात म्हणजे समतोल, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. पिण्याच्या पाण्यासाठी ६.५ ते ८.५ ही मर्यादा आहे. पोहण्याच्या तलावासाठी ७.२ ते ७.८ हा पट्टा उत्तम मानतात. हा पट्टा इतका अरुंद का?

कारण क्लोरीनचे बळ सामूवर ठरते. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो. एक जहाल, एक मवाळ. सामू ७ असताना सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन जहाल रूपात असतो. ७.५ ला निम्मा. ८ ला जेमतेम पाव हिस्सा. ८.५ ला दहावा भाग. म्हणजे रंगपट्टीवर क्लोरीनचा आकडा तोच दिसत असताना, जड आणि अल्कली पाण्यात त्याची ताकद कितीतरी कमी झालेली असते. बेळगावच्या जांभ्यातील पाण्यात जे औषध चटकन काम करील, तेच निपाणीकडील काळ्या कातळातील पाण्यात अधिक वेळ मागेल. दोन घरांत एकाच मापाने पावडर टाकून एकच फळ मिळणार नाही, याचे मर्म येथे आहे.

सामू मोजण्यासाठी फिनॉल रेड नावाचे द्रावण मिळते. पाणी आम्लाकडे झुकलेले असल्यास पिवळे, समतोलाच्या थोडे वर नारिंगी, अल्कली असल्यास लाल. घरात मुलांना ही गंमत दाखवावयाची असेल तर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरून रस काढावा. लिंबाने तो लालबुंद होतो, खाण्याच्या सोड्याने हिरवट. मुलाला सामू म्हणजे काय हे यातून जन्मभर लक्षात राहील. मात्र जास्वंद शिकविते, मोजत नाही. मोजण्यासाठी द्रावणच हवे.

विहिरीत किती टाकावे?

येथे अंदाज कामाचा नाही. साधा हिशेब करावा. विहिरीचा व्यास फुटांत मोजावा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली काढावी. आपल्याकडे खोली परसांत सांगतात, एक परस म्हणजे साधारण सहा फूट. व्यासाचा वर्ग करावा, त्यास खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. आले ते घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते.

समजा, विहिरीचा व्यास दहा फूट आणि पाणी दोन परस, म्हणजे बारा फूट आहे. घनफूट झाले ९४२. लिटर सुमारे २६,७००. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर या प्रमाणाने लागते सुमारे ६७ ग्रॅम. बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा हे फार थोडे आहे. पाणी घाण असेल तर तेवढ्याने भागणार नाही. तासाभराने तपासावे, क्लोरीन शून्य आढळल्यास तीच मात्रा पुन्हा द्यावी.

पावडर कोरडी फेकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून मग बादली भरावी, दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे स्वच्छ पाणी तेवढे विहिरीत सोडावे. तळाचा चुना विहिरीत टाकल्यास पाणी विनाकारण जड होते. मग पोहरा खाली-वर करून पाणी ढवळावे. हे काम सूर्यास्तानंतर करावे. उघड्या विहिरीवर ऊन पडले की मुक्त क्लोरीन काही तासांतच नष्ट होतो, रात्रभरात मात्र त्याला आपले काम करण्यास सवड मिळते. या पावडरीचा संडास धुण्याच्या आम्लाशी किंवा युरियाशी कधीही संबंध येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतात. मळ्यावरील खोलीत खताच्या पोत्याशेजारीच टीसीएलचे पोते ठेवण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

लहान घरगुती आडासाठी दुहेरी मडक्याची युक्ती फार सोयीची आहे. एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भोकाच्या मडक्यात भरावी, ते मडके दुसऱ्या भोकाच्या मडक्यात ठेवून तोंड प्लॅस्टिकने बांधावे आणि पाण्याखाली किमान तीन-साडेतीन फूट सोडावे. साडेचार हजार लिटरच्या आडाला, रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा असल्यास, ते दोन ते तीन आठवडे पुरते.

आणि पोहण्याचे काय? ज्या तलावात दिवसभर माणसे उतरतात तेथे दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन सतत राखावा लागतो. उघड्या विहिरीत इतका क्लोरीन टिकणे नाही, आणि पिण्याच्या पाण्यात तो नकोही. म्हणून शक्य असेल तेथे पिण्याची विहीर पोहण्यासाठी वापरू नये. दुसरी सोय नसेल तर मुले पोहून गेल्यावर त्या दिवशी पिण्याचा उपसा बंद ठेवावा, रात्री औषध टाकावे आणि सकाळी क्लोरीन तपासून मगच मोटर चालू करावी.

येथे केरळातील अनुभवाचा उल्लेख केला पाहिजे. कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून घातक आजार निर्माण करतो. पाणी पिण्याने तो होत नाही. बुडी मारताना नाकात पाणी जाण्याने होतो. केरळात २०२४ च्या मे ते जुलै या काळात तीन मुले या आजाराने दगावली आणि २०२५ साली तेथे विहिरींत क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घेण्यात आली. आजार अत्यंत विरळ आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तळाला गेलेल्या, तापलेल्या, शेवाळलेल्या मे महिन्यातील विहिरीत मुलांना उतरविण्यापूर्वी विचार करावा, एवढा बोध त्यातून घ्यावा.

उकळून जे जात नाही

'आम्ही पाणी उकळून पितो' या वाक्यावर आपल्या गृहिणींचा मोठा भरवसा असतो, आणि जंतूंपुरता तो रास्तही आहे. परंतु नायट्रेटच्या बाबतीत उकळणे उलटे पडते. पाणी आटते, नायट्रेट मागे राहते, त्याचे प्रमाण वाढते. ऊस आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यातील उथळ विहिरी, तसेच संडासाच्या खड्ड्याजवळचे आड, यांना हा धोका विशेष. मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तीत कोणतीही सवलत नाही. मोठ्या माणसाला त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतील, बाटलीच्या दुधावरील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने कमी होते आणि बाळाचे ओठ, नखे निळी पडतात. बाळंतपणासाठी लेक माहेरी येणार असेल, तर त्या आधी विहिरीचे नायट्रेट तपासणे ही डिंकाच्या लाडवांइतकीच महत्त्वाची तयारी समजावी. पट्टी पाण्यात बुडवून रंग जुळविण्याची सोपी चाचणी मिळते. प्रमाण जास्त निघाल्यास बाळासाठी पाणी दुसरीकडून आणावे. कापडाने गाळणे, तुरटी, क्लोरीन, उकळणे यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही.

जडपणाचे भय मात्र वाजवीपेक्षा अधिक बाळगले जाते. दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी उत्तम, दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालते. थेंब मोजण्याच्या चाचणीत लालसर पाणी निळे होईपर्यंत थेंब टाकावयाचे आणि त्या संख्येवरून जडपणा काढावयाचा असतो. डाळ शिजत नाही ही अडचण खरी. तो रोग नव्हे.

काळी पडणारी बाटली

जंतू आहेत की नाहीत हे घरी कळू शकते का? कळते, आणि ती युक्ती भारतीय संशोधकांची आहे. मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली एक अगदी साधी चाचणी प्रसिद्ध केली. औषधी कागद घातलेल्या निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावयाची. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे पडते. काळे पडले तर पाणी पिण्यास अयोग्य. बेळगावच्या थंडीत बाटली स्वयंपाकघरातील उबेला ठेवावी. काळ्या झालेल्या पाण्यात टीसीएल घालून तासाभराने ते संडासात ओतावे, मोरीत नव्हे.

काळे पडले तर विहिरीत औषध टाकणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी कारण शोधणे. कठडा फुटला आहे काय? उपसलेले पाणी परत विहिरीत झिरपते काय? संडासाचा खड्डा पन्नास फुटांच्या आत आहे काय? कारण राहिले तर पुढील महिन्यात बाटली पुन्हा काळी होईल.

दारावरचा प्रयोग

पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे लोक हल्ली घरोघर येतात. ते दोन ग्लास मागतात. एकात आपल्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत विजेच्या तारा जोडलेल्या धातूच्या कांड्या सोडतात. यंत्राचे पाणी तसेच राहते आणि आपले पाणी पाहता पाहता तांबूस, गढूळ होते. 'हे विष तुम्ही मुलांना पाजता' असे ऐकल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील?

यातील रहस्य एवढेच, की तो तांबडा गाळ पाण्यातील नसून कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वीज वाहतच नाही. क्षार असणे म्हणजे घाण असणे नव्हे. विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरे पाणी नसल्यास २,००० पर्यंत चालण्याजोगे मानले आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने तर जेथे हे प्रमाण ५०० च्या आत आहे, तेथे अशी यंत्रे वापरू नयेत असेच मत दिले. कारण ती बरेच पाणी वाया घालवितात. क्षार दाखविणारे खिशातले मीटर जंतूंविषयी एक अक्षरही सांगत नाही, हेही लक्षात ठेवावे. नायट्रेट जास्त असेल किंवा पाणी सवळ असेल तर असे यंत्र उपयोगी आहे. पण ते आधी तपासून घ्यावे, घाबरून नव्हे.

एक वही, वर्षातून तीन वेळा

प्रत्येक विहिरीची एक वही असावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मुले येण्यापूर्वी एकदा. आर्द्रा नक्षत्राच्या पावसात, नवे पाणी आल्यावर दुसऱ्यांदा. आणि दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. तारीख, पाण्याची खोली, सामू, जडपणा, नायट्रेट, बाटली काळी झाली की नाही, औषध किती टाकले आणि किती क्लोरीन उरला, एवढ्या नोंदी पुरेत. दोन-तीन वर्षांत ती वही असे काही सांगू लागते, जे एका तपासणीत कधीच दिसत नाही: नायट्रेट कोणत्या पावसात वाढते, जडपणा कोणत्या महिन्यात.

घरच्या चाचणीला मर्यादाही आहेत. कीटकनाशके व जड धातू तिला कळत नाहीत. त्यासाठी आणि घरची चाचणी शंकास्पद निघाल्यास, प्रयोगशाळेत नमुना द्यावा. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणून बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवावी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण व साहित्य देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत याची पंचायतीत चौकशी करावी. अहवाल कानडीत वा इंग्रजीत येईल. त्याने बिचकू नये. कानडीतील 'गडसुतन' म्हणजे आपला जडपणा, 'क्षारीयते' म्हणजे क्षारता, 'बावी' म्हणजे विहीर. आकडे तर सर्व भाषांत सारखेच असतात.

आपल्या पूर्वजांनी विहीर खोदणे हे पुण्यकर्म मानले. खोदण्याचे ते पुण्य त्यांच्या पदरी पडले. राखण्याचे आपल्या वाट्याला आले आहे. कठड्यावर पणती लावणारे हात वर्षातून तीनदा नळीत चार थेंब टाकण्यासही पुढे आले, तर नातवंडांनी निर्धास्तपणे सूर मारावा आणि वर येऊन त्याच विहिरीचे पाणी तांब्याभर प्यावे, असा दिवस दूर नाही.